वजनकाट्यावरचं पाणी आणि अंगातली चरबी

वजन कमी करायला घेतलेल्या माणसाची पहिली गाठ चरबीशी पडत नाही, पाण्याशी पडते. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे चालायला लागलेले काका असोत किंवा निपाणीत श्रावणापासून भात सोडलेल्या वहिनी असोत, अनुभव सारखाच येतो. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली येतो आणि घरात कौतुक होतं. दुसऱ्या आठवड्यात तो जागचा हलत नाही. तिसऱ्या आठवड्यात पाहुण्यांकडे एक जेवण होतं आणि दुसऱ्या दिवशी तो दीड किलो वर दिसतो. मग कुणीतरी सांगतं, ‘अंगात पाणी धरलंय.’ तिथून उपायांची रांग लागते. पाणी पिणं कमी करायचं, मीठ पूर्ण तोडायचं, पोटाला पट्टा बांधून घाम काढायचा, जिऱ्याचं नाहीतर जवाचं पाणी प्यायचं. सगळ्यात वाईट उपाय म्हणजे शेजाऱ्यांना डॉक्टरांनी दिलेली ‘लघवीची गोळी’ मागून आणायची.

यातल्या काही उपायांनी काटा खरोखर खाली येतो, म्हणूनच ते टिकून आहेत. पण चरबी त्यातल्या एकानेही कमी होत नाही आणि काही उपायांनी जीव धोक्यात येतो. दुसरीकडे, ज्यांच्या अंगावर खरंच आजाराची सूज आहे, तेही ‘वजन वाढलंय’ म्हणून चालायला जातात आणि दवाखान्यात उशिरा पोचतात. या दोन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी पाणी आणि चरबी यांचा हिशेब वेगळा मांडायला शिकलं पाहिजे.

एक तासांत बदलतं, दुसरं महिन्यांत

निपाणीच्या वखारीत काम केलेल्या कुणालाही विचारा, ओलसर तंबाखू काट्यावर जास्त भरतो. ओल उडाली की वजन उतरतं, पान मात्र तेवढंच राहतं. शरीराचं तसंच आहे. मोठ्या माणसाच्या वजनात साधारण ५० ते ६० टक्के पाणी असतं. ७० किलोंच्या पुरुषाच्या अंगात ४० लिटरच्या आसपास पाणी भरतं. एक तांब्या पाणी प्यायलात की काटा लगेच लिटरभराने वर जातो आणि लघवीला जाऊन आलात की खाली येतो. निरोगी माणसाचं वजन एका दिवसात एक-दोन किलोंनी वर-खाली होणं यात काहीही विशेष नाही.

चरबीची चाल फार संथ असते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोजच्या गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी खाल्ल्या, तर ती एक किलो चरबी खर्च व्हायला पंधरा दिवस लागतात. हाच हिशेब उलटा करून पाहा. रात्रीतून दीड किलो चरबी वाढायची, तर गरजेच्या वर ११,५०० कॅलरी एका बैठकीत पोटात गेल्या पाहिजेत. एवढं कुणी जेवत नाही. म्हणून काटा एका रात्रीत वाढला किंवा एका दिवसात उतरला, तर ते पाणी आणि पोटातलं अन्न आहे असं खुशाल समजा. त्यात निराश होण्यासारखंही काही नाही आणि पेढे वाटण्यासारखंही.

पहिल्या आठवड्यातले दोन किलो

भाकरी, भात, पोळी, साखर यांतून मिळालेली ऊर्जा शरीर थोड्या प्रमाणात ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास असा हा साठा असतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. माणूस भात-भाकरी एकदम सोडतो तेव्हा चार-पाच दिवसांत हा साठा बराचसा संपतो, त्याच्याबरोबरचं पाणीही लघवीवाटे जातं आणि काटा दीड-दोन किलोंनी उतरतो. ‘आठ दिवसांत तीन किलो’ अशा जाहिराती याच पाण्यावर उभ्या असतात.

पुढे एखाद्या दिवशी माणूस पोटभर भात खातो. साठा परत भरतो, पाणी परत येतं आणि तो म्हणतो, ‘बघा, भाताने वजन वाढतं.’ भाताने वजन वाढत नाही, गरजेपेक्षा जास्त खाल्ल्याने वाढतं. ज्वारीची भाकरी ही या भागाची पिढ्यान्‌पिढ्यांची ताकद आहे. ती ताटातून हद्दपार करण्याची गरज नाही. दोनऐवजी एक किंवा दीड घ्यावी आणि मोकळ्या झालेल्या जागेत उसळ, आमटी, पालेभाजी वाढवावी. वजन असंही उतरतं, आणि ते टिकतं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशीचा काटा

गावच्या जत्रेला मटण, रस्सा, वडे आणि वर लोणचं-पापड असं जेवण झालं की दुसऱ्या सकाळी अंगठी घट्ट होते, चेहरा सुजल्यासारखा वाटतो आणि काटा वर दिसतो. यातलं बरंचसं काम मिठाचं. दवाखान्यात लावतात त्या साध्या सलाईनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं. शरीर रक्तातला खारटपणा साधारण याच प्रमाणात राखतं. चार-पाच ग्रॅम जादा मीठ अंगात राहिलं, की त्याच्याबरोबर जवळपास अर्धा लिटर पाणी थांबतं. मूत्रपिंडं निरोगी असली तर नेहमीच्या जेवणावर परत आल्यावर दोन-तीन दिवसांत ती जादा मीठ आणि पाणी दोन्ही बाहेर काढतात. त्यासाठी काढा लागत नाही आणि गोळीही लागत नाही.

मग मीठ कमी करावं की नाही? जरूर करावं, पण काट्यासाठी नव्हे, रक्तदाबासाठी. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. म्हणजे एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात भाजीतलं, आमटीतलं, चटणीतलं, बाहेरून आणलेल्या फरसाणातलं असं सगळं मीठ आलं. आपल्या घरात किती मीठ जातं, हे पाहण्याची सोपी पद्धत आहे. मिठाचा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. चार मोठी माणसं, प्रत्येकी ५ ग्रॅम, म्हणजे रोज २० ग्रॅम. या दराने एक किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा. तो २५ दिवसांत संपत असेल आणि लोणची-सांडगे घातलेले नसतील, तर घरातलं प्रत्येक माणूस शिफारशीच्या दुप्पट मीठ खातंय. बाहेरच्या खाण्यातलं मीठ याच्यावर.

संकेश्वरी मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, ताकातली मिरची, पापड, खारे दाणे, भडंग, सुकी मासळी या आपल्या आवडीच्या चिजा आहेत आणि प्रत्येकीत मीठ भरपूर आहे. त्या सगळ्या सोडाव्यात असं मी म्हणत नाही. एका जेवणात एकच घ्या. ताटात वेगळं मीठ वाढणं बंद करा. भाकरीच्या पिठात मीठ घालत असाल तर ते सोडा, महिनाभरात जिभेला सवय होते. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

मीठ एकदम शून्यावर आणणं मात्र चूक आहे. उन्हातान्हात राबणाऱ्या, घामाने निथळणाऱ्या माणसाला मिठाची गरज असते. एप्रिल-मेमध्ये शेतात काम करताना मीठ तोडून नुसतं पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम घटून चक्कर, उलट्या आणि भ्रम होऊ शकतो.

घाम गाळल्याने चरबी वितळत नाही

बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यापासून कोल्हापूरच्या खासबाग मैदानापर्यंत कुस्ती ही या पट्ट्याची ओळख आहे. वजनगटांच्या इतर खेळांतही इथली मुलं-मुली उतरतात. बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. या खेळांत स्पर्धेआधी वजन उतरवण्याची जुनी रीत आहे, आणि ‘पैलवान दोन दिवसांत तीन किलो काढतो, मग आपण का नाही?’ असा प्रश्न तरुण पोरं त्यामुळेच विचारतात.

त्याचं उत्तर साऱ्या देशाने ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी पाहिलं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचलेल्या विनेश फोगाट यांचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि त्या अपात्र ठरल्या. आदल्या दिवशी वजन देऊन तीन लढती झाल्यावर, खाण्यापिण्याने ते पुन्हा चढून मर्यादेच्या दोन-अडीच किलो वर गेलं होतं. रात्रभर धावणं, वाफेच्या खोलीत बसणं, शेवटी केस कापणं, इतकं सगळं केलं गेलं. नंतर त्यांना शरीरातलं पाणी घटल्यामुळे उपचार घ्यावे लागले. जगातल्या उत्तम प्रशिक्षकांच्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली एका रात्रीत जे उतरलं, ते पाणी होतं. दोन-अडीच किलो चरबी जाळायला वीस हजारांच्या जवळपास कॅलरी खर्च व्हाव्या लागतात, आणि ते कुणाही माणसाला एका रात्रीत शक्य नाही.

या रीतीने जीवही गेले आहेत. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस जेमतेम महिन्याभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट आणि वाफेची खोली यांवर बंदी आली. आज आपल्याकडे व्यायामशाळेत पोटाला प्लास्टिक गुंडाळून किंवा घामाचा पट्टा बांधून धावणारे तरुण दिसतात. त्या पट्ट्याखालून निघतो तो घाम. चरबी तिथेच असते, आणि पाण्याचा पहिला ग्लास घेतला की काटा जिथल्या तिथे येतो. दमट हवेत असा पट्टा बांधून पळणं म्हणजे ऊष्माघाताला बोलावणं आहे. मुलं आखाड्यात किंवा ज्यूदोच्या वर्गात जात असतील, तर पालकांनी वस्तादांना थेट विचारावं की वजन कसं उतरवता. वाढत्या वयाच्या मुलाला पाणी तोडायला लावण्यापेक्षा वरच्या गटात खेळवणं शहाणपणाचं.

मग चरबी जाते तरी कुठे? ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशेब मांडला. १० किलो चरबी शरीरात पूर्ण जळली, तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे चरबी मुख्यतः उच्छ्वासातून जाते. पण नुसतं जोरजोरात श्वास घेऊन ती जात नाही. आधी ती इंधन म्हणून जळावी लागते, आणि त्यासाठी खाणं थोडं कमी आणि हालचाल जास्त हा एकच रस्ता आहे.

पाणी कमी प्यावं की जास्त?

‘पाणी धरलंय, तेव्हा पाणी कमी प्या’ हे ऐकायला पटतं, पण निरोगी शरीराचं गणित तसं चालत नाही. पाणी कमी मिळालं की मेंदूतून मूत्रपिंडांना पाणी राखण्याचा संदेश जातो. लघवी कमी आणि गडद होते. बद्धकोष्ठता, मुतखडा आणि लघवीचा संसर्ग यांचा धोका तेवढा वाढतो. वखारीत, विड्या वळताना, शेतात किंवा बाजारात दिवसभर काम करणाऱ्या अनेक बायका स्वच्छतागृहाची सोय नाही म्हणून पाणी टाळतात. त्यांना कुणी वजनाच्या नावाखाली आणखी पाणी तोडायला सांगू नये. कामाच्या जागी बायकांसाठी स्वच्छतागृह असणं ही आरोग्याची गरज आहे आणि ती मागणी सगळ्यांनी मिळून लावून धरली पाहिजे.

याच्या उलट, ‘रोज पाच-सहा लिटर पाणी प्या, चरबी धुऊन निघते’ हाही गैरसमजच. पाण्याने चरबी धुतली जात नाही. जेवणाआधी ग्लासभर पाणी प्यायल्याने काहींना दोन घास कमी जातात, किंवा सरबत आणि थंड पेयांच्या जागी पाणी घेतल्याने साखर वाचते. फायदा एवढाच, पण तो खरा आहे. सकाळचं कोमट पाणी, लिंबू आणि मध याने चरबी वितळत नाही. मधाच्या एका चमच्यात वीसेक कॅलरी असतात, त्या हिशेबात धरा. जिऱ्याचं, धण्याचं, जवाचं पाणी चवीला घ्यायला हरकत नाही. त्याने लघवी थोडी जास्त झाली, तरी पाणी जातं, चरबी जात नाही.

किती प्यावं? तहान लागेल तेवढं, आणि लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतकं. बेळगावच्या पावसाळ्यातल्या गार हवेत ते कमी लागेल, मे महिन्यात शेतात जास्त. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेल्यांना मात्र हा नियम लागू नाही. त्यांनी दिवसाला किती पाणी घ्यायचं, याचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा आणि तोच पाळावा.

लघवीची गोळी: वजनासाठी कधीही नाही

फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड अशा गोळ्यांनी लघवी वाढते. हृदय नीट पंप करत नसेल, पोटात किंवा पायांत आजाराने पाणी साठलं असेल, रक्तदाब वाढला असेल, तर त्या जीव वाचवतात. निरोगी माणसाने वजनासाठी घेतल्या तर पाण्याबरोबर पोटॅशियम आणि सोडियमही वाहून जातं. पायात गोळे येतात, थकवा येतो, चक्कर येते. पोटॅशियम फार घटलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस अचानक कोसळू शकतो. गोळी बंद केली की शरीर पाणी पुन्हा धरतं, कधी आधीपेक्षा जास्त, आणि माणसाला वाटतं की आता गोळीशिवाय चालणारच नाही.

ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज शेन वॉर्न यांचं उदाहरण क्रिकेट पाहणाऱ्यांना आठवत असेल. फेब्रुवारी २००३ मध्ये विश्वचषकाच्या तोंडावर त्यांच्या चाचणीत अशाच गोळीचा अंश सापडला. बारीक दिसावं म्हणून आईने दिलेली गोळी घेतली, असं त्यांनी सांगितलं. वर्षभराची बंदी आली. खेळात या गोळ्यांवर बंदी असण्याचं कारण वेगळं आहे, त्यांनी इतर औषधं लपवता येतात. पण घरातलं कुणीतरी मायेने दिलेली गोळी निरुपद्रवी असते, हा समज किती दूरवर पसरलेला आहे, हे त्यातून दिसतं. औषध दुकानदारांनाही विनंती आहे की चिठ्ठीशिवाय ही गोळी देऊ नये.

काटा अडला म्हणजे पाणीच, असंही नाही

आता दुसरी बाजू. चरबी कमी होत असतानाही पाण्यामुळे काटा काही दिवस अडू शकतो, हे खरं आहे. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेक जणींच्या अंगात पाणी थांबतं, काहींचं वजन एक-दोन किलोंनी वाढतं आणि पाळी सुरू झाल्यावर उतरतं. नवा व्यायाम सुरू केला की दुखावलेल्या स्नायूंत काही दिवस पाणी साचतं. फार उपाशी राहण्यानेही सूज येते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन जवळपास चौथाईने घटलं, पण त्याच वेळी अनेकांच्या पायांवर आणि चेहऱ्यावर सूज आली. उपासमारीने पाणी धरतं, हे त्यातून नीट नोंदलं गेलं. एकवेळ जेवून, दोन केळ्यांवर दिवस काढून वजन उतरवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण महिना उलटला, आणि वजनाची सरासरी आणि पोटाचा घेर दोन्ही जागच्या जागी आहेत, तर दोष पाण्यावर ढकलू नका. खाणं कुठेतरी जास्त होतंय. बहुतेक वेळा ते जेवणात नसतं, मधल्या वेळात असतं. दिवसात पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या साखरेच्या २०० कॅलरी. फोडणीतलं एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. पाहुण्यांसाठी आणलेला कुंदा, गोकाकचा करदंट, संध्याकाळचं भजं, उपवासाची साबुदाण्याची खिचडी, हे सगळं एकदा वहीत लिहून पाहा. एक आठवडा प्रामाणिकपणे लिहिलं की गळती कुठे आहे ते आपलं आपल्याला दिसतं.

मोजायचं कसं

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत, एकाच काट्यावर वजन करा. रोज केलंत तर सात दिवसांची सरासरी काढा आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. रोजचा आकडा पाहून मन खट्टू होत असेल, तर आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी करा. महिलांनी पाळीच्या त्याच दिवसाचं वजन मागच्या महिन्याच्या त्याच दिवसाशी ताडावं.

काट्याबरोबर शिंप्याची टेप ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता घेर मोजा. आपल्या लोकांत पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर आणि महिलांचा ८० सेंटिमीटर यांच्या आत असावा. महिन्यात वजन थोडंच उतरलं पण घेर दोन सेंटिमीटरने घटला, तर काम बरोबर चाललं आहे. चरबीचे टक्के दाखवणाऱ्या यंत्रांवर फार विसंबू नका. ती अंगातून सौम्य वीज सोडून पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतात, म्हणून पाणी कमी-जास्त झालं की टक्केही बदलतात.

खरी सूज ओळखा

घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा. बोट काढल्यावर खड्डा तसाच राहिला, तर तिथे पाणी साठलं आहे. दिवसभर मांडी घालून विड्या वळल्यावर, दुकानात उभं राहिल्यावर किंवा बेळगावहून रात्रभर बसने बेंगळुरूला जाऊन उतरल्यावर पायावर हलकी सूज येते आणि रात्री पाय उशीवर ठेवून झोपल्यावर सकाळी उतरते. तिची चिंता नको. तासाभराने उठून चार पावलं चालावं, बसल्याजागी पाऊल वर-खाली हलवत राहावं.

पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर चालणं, पथ्य, काढा सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा:

• सकाळी उठल्यावरही पायावर खड्डा पडतो, किंवा डोळ्यांभोवती सूज असते आणि लघवीला खूप फेस येतो. मूत्रपिंड तपासलं पाहिजे.

• दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, चालताना दम लागतो, रात्री आडवं झाल्यावर श्वास कोंडतो. हृदयाची तपासणी त्याच दिवशी हवी.

• पोट फुगत चाललं आहे, हातपाय मात्र बारीक होत आहेत, डोळे पिवळे दिसतात. यकृताचा विचार हवा, विशेषतः दारूचं व्यसन असेल तर.

• एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते. नसेत रक्ताची गाठ असू शकते. मालिश करू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

• गरोदरपणात पाचव्या महिन्यानंतर हात आणि चेहरा सुजला, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याच तासाला रक्तदाब तपासून घ्या. ‘पोटुशीला सूज येतेच’ म्हणून थांबू नका.

• अंग जड, थकवा, थंडी सोसत नाही, केस गळतात, वजन हळूहळू वाढतं. थायरॉइडची रक्ततपासणी करा. फिकटपणा आणि धाप असेल तर हिमोग्लोबिनही पाहा.

घरातली औषधंही तपासा. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन, गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी, स्टेरॉइड यांनी सूज येऊ शकते. सांधेदुखीवर लेबल नसलेल्या पुड्या विकल्या जातात आणि त्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा आढळलं आहे. चेहरा गोल होऊ लागला तर ती पुडी घेऊन डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्या किंवा रक्तदाबाची गोळी, काहीही मनाने एकदम बंद करू नका.

सुरुवातीची तपासणी महाग नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्यांचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासतात. लघवीतल्या प्रथिनांची चाचणी आणि हिमोग्लोबिनही तिथे होतं. पुढची गरज लागली तर बेळगावचं बिम्स जिल्हा रुग्णालय आहे, नेहरूनगरचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. निपाणी भागातल्या अनेकांना कोल्हापूर जवळ पडतं. सीमेच्या कुठल्या बाजूला जायचं याचा विचार करण्यात दिवस घालवू नका. जे जवळ आहे तिथे आधी जा.

पुढचे चार आठवडे

उद्या सकाळी वजन आणि घेर वहीत लिहा. मिठाच्या पुड्यावर तारीख टाका. चहातली साखर अर्धी करा, तेल मोजून घाला. प्रत्येक जेवणात हुलगे, मटकी, मूग, अंडं, दही यांतलं काहीतरी ठेवा, म्हणजे स्नायू टिकतात आणि भूक लवकर लागत नाही. आठवड्यात १५० मिनिटं भराभर चाला आणि दोन दिवस उठाबशा, जोर किंवा वजन उचलण्याचा व्यायाम करा. पाणी तहानेप्रमाणे प्या. चार आठवड्यांनी सरासरी दीड-दोन किलोंनी उतरली असेल, तर ती बरीचशी चरबी आहे आणि हे रोजचं खाणं तसंच चालू ठेवलंत तर ती परत येणार नाही. घरात कुणी घाईने गोळी किंवा पट्टा आणायला निघालं असेल, तर त्याला आजच थांबवा. आणि कुणाच्या नडगीवर खड्डा पडत असेल, तर चार आठवडे थांबू नका. उद्याच त्याचा रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या.